जॉन डिकिन्सनने स्वातंत्र्याच्या ठरावाला मत का दिलं नाही?

तुमचा प्रश्न मी असा समजतो. एम.ए.च्या निबंधासाठी तुम्ही पेनसिल्व्हेनियाचा जॉन डिकिन्सन निवडला आहे. १७६७-६८ मध्ये ज्याच्या पत्रांनी अमेरिकेतल्या साऱ्या ब्रिटिश वसाहती ढवळून काढल्या, तोच माणूस १७७६ मध्ये स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर सही करत नाही, इथे तुम्ही अडला आहात. तो घाबरला, की मुळातच राजनिष्ठ होता, की आपली इस्टेट वाचवत होता? मार्गदर्शकांनी एक ठाम भूमिका घ्यायला सांगितलं आहे. शिवाय त्याच्या गुलामांचा विषय निबंधात आणावा का, हेही तुम्ही विचारलं आहे.

तुम्ही सुचवलेल्या तिन्ही उत्तरांना पुरावा पुरेशी साथ देत नाही. माझ्या मते खरा प्रश्न अधिकाराचा आहे. निवडून आलेला प्रतिनिधी आपल्या वसाहतीचं राज्य कायमचं बदलून टाकणारा निर्णय कुणाच्या सांगण्यावरून आणि कोणत्या क्रमाने घेऊ शकतो? डिकिन्सन तीसेक वर्षं याच प्रश्नाशी झुंजत होता, आणि त्याची कारकीर्द तशी वाचली की १७७६ हे वळण अचानक आलेलं वाटत नाही.

अमेरिकन क्रांती शिकवताना मी विद्यार्थ्यांना एक सवय लावतो. विधिमंडळातल्या माणसाची कारकीर्द नुसत्या भाषणांवरून वाचायची नाही. प्रत्येक तारखेसमोर लिहायचं की त्या दिवशी तो कोणत्या सभागृहात बसला होता, तिथे त्याला कुणी पाठवलं होतं आणि पाठवणाऱ्यांनी काय करायला सांगितलं होतं. डिकिन्सनच्या बाबतीत हे फार उपयोगी पडतं, कारण तो एकाच वेळी अनेक सभागृहांत असायचा आणि त्यांच्या सूचना नेहमी एकाच दिशेच्या नसायच्या.

सुरुवात सहीपासूनच करू, कारण बहुतेक गोंधळ तिथे होतो. स्वातंत्र्याचा ठराव काँटिनेंटल काँग्रेसने, म्हणजे वसाहतींच्या संयुक्त परिषदेने, फिलाडेल्फियात २ जुलै १७७६ रोजी मंजूर केला, जाहीरनाम्याचा मजकूर ४ जुलैला. चर्मपत्रावरच्या बहुतेक सह्या मात्र २ ऑगस्टला झाल्या. मधे, २० जुलैला, पेनसिल्व्हेनियाच्या घटनापरिषदेने काँग्रेसमधले आपले प्रतिनिधी नव्याने निवडले आणि डिकिन्सनला वगळलं. म्हणजे सह्या झाल्या तेव्हा तो सदस्यच नव्हता. उलट बेंजामिन रश, जॉर्ज क्लायमर, जॉर्ज रॉस, जेम्स स्मिथ आणि जॉर्ज टेलर या पाच जणांच्या सह्या पेनसिल्व्हेनियातर्फे आहेत, पण २ जुलैच्या मतदानात त्यांचा काहीच भाग नव्हता. डेलावेअरच्या जॉर्ज रीडने ठरावाविरुद्ध मत दिलं आणि पुढे सहीही केली. तेव्हा निबंधात ‘सही केली नाही’ हे वाक्य आधाराला घेऊ नका. चर्चा मताची करा, आणि त्या मतापर्यंत तो कसा पोचला याची करा.

डिकिन्सनचा जन्म १७३२ मध्ये मेरीलँडमधला. वाढला तो डेलावेअरच्या केंट काउंटीत, तंबाखूच्या मोठ्या इस्टेटीवर, क्वेकर (युद्धाला विरोध करणारा ख्रिस्ती पंथ) वळणाच्या घरात. वकिलीचं शिक्षण आधी फिलाडेल्फियात आणि नंतर १७५३ ते १७५७ लंडनच्या मिडल टेंपल या वकिलांच्या संस्थेत. हक्क जुन्या सनदांत, रूढीत आणि न्यायालयांच्या निवाड्यांत शोधायचे, ही तिथली शिस्त त्याच्यात मुरली. १७५९ मध्ये तो डेलावेअरच्या असेंब्लीत निवडून आला, पुढच्याच वर्षी तिथला सभापती झाला, आणि १७६२ पासून पेनसिल्व्हेनियाच्या असेंब्लीत बसू लागला. या दोन वसाहतींचा गव्हर्नर एकच होता, विधिमंडळं वेगवेगळी होती. त्यामुळे एकच माणूस दोन्हीकडे असण्यात कुणाला वावगं वाटत नसे.

आता १७६४. तुमच्या निबंधातलं हे सगळ्यात महत्त्वाचं वर्ष ठरावं असं मला मनापासून वाटतं, आणि नेमकं हेच विद्यार्थी दोन ओळींत उरकतात. पेनसिल्व्हेनिया ही पेन घराण्याच्या मालकीची वसाहत होती. आपल्या जमिनींवर इतरांसारखा कर बसू द्यायला पेन मंडळी तयार नव्हती. असेंब्ली त्यामुळे वैतागली होती. बेंजामिन फ्रँकलिन आणि जोसेफ गॅलोवे यांनी उपाय सुचवला की पेन घराण्याचा अधिकार काढून घ्या आणि वसाहत थेट राजाच्या ताब्यात द्या. असेंब्लीत त्यांचं मोठं बहुमत होतं. त्याविरुद्ध मे महिन्यात डिकिन्सन उभा राहिला. पेन घराण्याविषयीच्या तक्रारी त्यालाही मान्य होत्या. त्याचा मुद्दा वेगळा होता. विल्यम पेनच्या १७०१ च्या सनदेने या वसाहतीला धर्मस्वातंत्र्य आणि भक्कम असेंब्ली दिली आहे. राज्याचा सांगाडा मोडायला निघालो आणि राजाने नव्या व्यवस्थेत हे हक्क ठेवलेच नाहीत, तर आपल्या हाती काय उरणार? हमी आधी घ्या, मग पाऊल टाका, असं त्याचं म्हणणं होतं.

हा युक्तिवाद नीट लक्षात ठेवा. हातातली व्यवस्था वाईट आहे हे कबूल, पण पुढची उभी करण्याआधी ती सोडणं अधिक धोक्याचं. बारा वर्षांनी स्वातंत्र्याच्या वादात त्याने जवळजवळ हाच युक्तिवाद पुन्हा मांडला. फरक इतकाच की १७६४ मध्ये तो राजाच्या हाती जाण्याविरुद्ध होता, आणि १७७६ मध्ये राजाला घाईने सोडण्याविरुद्ध. त्याला जन्मजात राजनिष्ठ म्हणणाऱ्यांना १७६४ समजावून सांगता येत नाही. आणि त्या लढाईत राजाची बाजू घेणारा गॅलोवे? तो पुढे खरोखरच ब्रिटिशांना जाऊन मिळाला आणि इंग्लंडला निघून गेला.

१७६५ मध्ये स्टॅम्प ॲक्टविरुद्ध, म्हणजे छापील कागदांवर कर लावणाऱ्या ब्रिटिश कायद्याविरुद्ध, न्यूयॉर्कला नऊ वसाहतींचे प्रतिनिधी जमले. त्यांच्या हक्कांच्या आणि तक्रारींच्या निवेदनाचा मसुदा मुख्यतः डिकिन्सनचा. पुढे ब्रिटिश अर्थमंत्री टाउनशेंडचे कर आले: काच, शिसं, रंग, कागद आणि चहा यांवर आयात शुल्क. कर किरकोळ होते, म्हणून बरेच लोक गप्प होते. डिसेंबर १७६७ पासून डिकिन्सनने ‘पेनसिल्व्हेनियातल्या एका शेतकऱ्याची पत्रं’ लिहायला घेतली. पत्रं एकूण बारा. चार-दोन अपवाद सोडता वसाहतींतल्या सगळ्या वर्तमानपत्रांनी ती छापली, आणि फ्रँकलिनने लंडनमध्येही त्यांची आवृत्ती काढवली. साम्राज्याच्या व्यापाराचं नियमन पार्लमेंटने करावं हे तो मान्य करतो. पण महसूल उभा करण्यासाठी लावलेला कर, रक्कम कितीही लहान असो, लोकांच्या प्रतिनिधींच्या संमतीशिवाय बेकायदा, हे त्याचं सूत्र. याच पत्रांत अर्ज, विनंत्या, व्यापार-बहिष्कार आणि अगदी शेवटी शस्त्र, असा क्रमही आहे. पुष्कळ वाचक करांवरचा भाग वाचून थांबतात. क्रमाचा भाग वगळला तर १७७५ कळत नाही.

जुलै १७७५ चा एकच आठवडा पाहा. ५ तारखेला काँटिनेंटल काँग्रेसने राजाकडे समेटाचा शेवटचा अर्ज मंजूर केला, तो मुख्यतः डिकिन्सनचा. ६ तारखेला शस्त्र उचलण्याची कारणं सांगणारं निवेदन मंजूर झालं, त्याच्या अंतिम रूपावरही डिकिन्सनचा हात फिरलेला. स्वातंत्र्याचा पुरस्कर्ता असलेला मॅसॅच्युसेट्सचा प्रतिनिधी जॉन ॲडम्स याला हा अर्जाचा खटाटोप असह्य झाला. एका खासगी पत्रात त्याने डिकिन्सनला मोठी संपत्ती आणि खुजी बुद्धी असलेला माणूस म्हटलं. ते पत्र ब्रिटिशांच्या हाती पडलं आणि छापून आलं, आणि पुढे डिकिन्सनने रस्त्यात समोर आलेल्या ॲडम्सची दखलही घेतली नाही. राजाने अर्ज स्वीकारला नाही, आणि ऑगस्टमध्ये वसाहती बंडखोर असल्याचं फर्मान काढलं. याच काळात डिकिन्सन फिलाडेल्फियाच्या स्वयंसेवक फौजेच्या पहिल्या बटालियनचा कर्नल म्हणून कवायत घेत होता.

वर्गात इथे हमखास कुणीतरी त्याला आपल्याकडचा मवाळ ठरवतं आणि ॲडम्सला जहाल. सुरुवातीला समजायला हे ठीक आहे, पण निबंधात नेऊ नका. अर्जविनंत्यांबरोबर हाती तलवार घेतलेला माणूस त्या चौकटीत बसत नाही.

अधिकाराचा प्रश्न खरा चिघळतो तो इथून. नोव्हेंबर १७७५ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या असेंब्लीने काँग्रेसमधल्या आपल्या प्रतिनिधींना लेखी बजावलं की इंग्लंडपासून तोडणारा कोणताही प्रस्ताव नाकारा. या सूचना खुद्द डिकिन्सनने लिहिल्या होत्या. मे १७७६ च्या निवडणुकीत फिलाडेल्फिया शहराच्या चारपैकी तीन जागा समेटवाल्यांनी जिंकल्या. म्हणजे मतपेटीचा कौल अजून स्वातंत्र्याच्या बाजूने स्पष्ट नव्हता. पण मतपेटी कुणाची, हाही प्रश्न होता. मतदानाला मालमत्तेची अट होती, आणि फौजेत भरती झालेल्या कितीतरी कारागिरांना मतच नव्हतं. १५ मे रोजी काँग्रेसने राजाच्या नावाने चालणाऱ्या सत्ता मोडीत काढण्याचा ठराव केला. २० मे रोजी फिलाडेल्फियात प्रचंड सभा भरली आणि असेंब्लीचा अधिकारच नाकारला गेला. जूनमध्ये असेंब्लीने जुन्या सूचना सैल केल्या, तरी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द त्यात नव्हता. डिकिन्सन ज्या सभागृहाच्या जिवावर बोलत होता, ते त्याच्या पायाखालून सरकत होतं.

१ जुलैला त्याने काँग्रेसमध्ये शेवटचं मोठं भाषण केलं. त्याची टिपणं उपलब्ध आहेत, ती मुळातून वाचा. आज मी जे करतो आहे त्याने माझी उरलीसुरली लोकप्रियता संपेल, पण गप्प राहणं हा अपराध ठरेल, असं तो सुरुवातीलाच म्हणतो. मग मुद्दे येतात. फ्रान्सशी अजून करार झालेला नाही. वसाहतींचा आपसातला संघ कागदावरही नाही. त्यांच्या सीमांचे तंटे तसेच पडले आहेत. अशा वेळी घोषणा करणं म्हणजे कागदी होडीतून वादळात उतरणं. गंमत म्हणून नाही, फार गांभीर्याने सांगतो की या दिवसांत संघाच्या कराराचा मसुदा लिहिणाऱ्या समितीचं मुख्य कामही डिकिन्सनच करत होता. ज्या गोष्टी नाहीत म्हणून तो तक्रार करत होता, त्यांतली एक तो स्वतः उभी करत होता. तो मसुदा १२ जुलैला काँग्रेससमोर आला.

काँग्रेसमध्ये प्रत्येक वसाहतीला एकच मत होतं, आणि ते तिच्या प्रतिनिधींच्या बहुमताने ठरे. १ जुलैच्या मतदानात पेनसिल्व्हेनियाचे प्रतिनिधी ४ विरुद्ध ३ असे ठरावाविरुद्ध गेले. दुसऱ्या दिवशी डिकिन्सन आणि रॉबर्ट मॉरिस मतदानापासून दूर राहिले. फ्रँकलिन, जॉन मॉर्टन आणि जेम्स विल्सन बाजूने, टॉमस विलिंग आणि चार्ल्स हम्फ्रीज विरोधात, असं ३ विरुद्ध २ ने पेनसिल्व्हेनियाचं मत ठरावाच्या पारड्यात पडलं. प्रतिनिधी सीझर रॉडनी रात्रभर घोडदौड करून आल्याने डेलावेअरचं मतही बाजूने आलं, साउथ कॅरोलायनाही वळलं. बारा वसाहती बाजूने, न्यूयॉर्क तटस्थ. डिकिन्सन जागेवर बसून नाही म्हणाला असता तर पेनसिल्व्हेनियाची मतं समसमान झाली असती आणि तिचं मत वाया गेलं असतं. स्वतःचं मत न बदलता त्याने वसाहतीची वाट मोकळी करून दिली. मला त्याच्या सगळ्या कारकिर्दीतली ही सर्वांत विचारपूर्वक केलेली कृती वाटते.

इथपर्यंतची मांडणी एकत्र करतो. १७६४ मध्ये राजापासून सनद वाचवणं, १७६७ मध्ये पार्लमेंटपासून करसंमतीचा हक्क वाचवणं, १७७५ मध्ये अर्ज आणि शस्त्र दोन्ही हातात ठेवणं, १७७६ मध्ये संघ आणि मित्रराष्ट्र यांशिवाय उडी घ्यायला विरोध. चारही वेळा त्याचा प्रश्न एकच: आधी काय उभं केलं?

भित्रेपणाच्या आरोपाला पुढचे दोन महिनेच पुरेसे आहेत. ठरावानंतर लगेच तो आपल्या बटालियनसह न्यू जर्सीत एलिझाबेथटाउनला ब्रिटिश फौजेसमोर जाऊन उभा राहिला. काँग्रेसमधून वगळल्यानंतर आणि हाताखालच्या माणसांना वरच्या हुद्द्यावर बसवल्यानंतर त्याने राजीनामा दिला. पण १७७७ मध्ये डेलावेअरच्या फौजेत तो साधा शिपाई म्हणून दाखल झाला. इस्टेट वाचवण्याचा हिशेब असता तर गॅलोवेची वाट उघडी होती. तो तिकडे गेला नाही, आणि त्याची किंमत मोजली. बायकोच्या माहेरचं फेअरहिल ब्रिटिशांनी १७७७ मध्ये जाळलं, केंट काउंटीतलं त्याचं घर १७८१ मध्ये राजनिष्ठांनी लुटलं.

त्याच्याविरुद्ध जाणारा पुरावाही लपवू नका. डिसेंबर १७७६ मध्ये त्याने भाऊ फिलेमनला कळवलं की काँग्रेसचं कागदी चलन कर्जफेडीत घेऊ नकोस. भाऊ न्यू जर्सीच्या फौजेत सेनापती, आणि युद्ध त्याच चलनावर चाललेलं. हे पत्र बाहेर आलं. १७८२ मध्ये ‘व्हॅलेरियस’ या टोपणनावाच्या लेखकाने १७७६ चं मत आणि हे पत्र दोन्ही काढून त्याच्यावर हल्ला चढवला, आणि डिकिन्सनला वर्तमानपत्रातून सविस्तर उत्तर द्यावं लागलं. टीका आणि उत्तर समोरासमोर ठेवून वाचा, कारण १७७६ विषयी त्याने स्वतः केलेला युक्तिवाद तिथे सर्वांत मोकळेपणाने येतो.

लोकांनी त्याला टाकलं असतं तर त्याची कारकीर्द १७७६ लाच संपली असती. तसं झालं नाही. १७७९ मध्ये तो डेलावेअरतर्फे पुन्हा काँग्रेसमध्ये आला आणि संघाच्या करारावर त्याने सही केली. नोव्हेंबर १७८१ मध्ये डेलावेअर राज्याचा अध्यक्ष (म्हणजे गव्हर्नरसारखा प्रमुख) झाला, आणि विरोधी मत फक्त त्याचं स्वतःचं होतं. वर्षभराने पेनसिल्व्हेनियाचाही अध्यक्ष. जून १७८३ मध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनी फिलाडेल्फियाच्या स्टेट हाउसला वेढा घातला, तेव्हा त्याने त्यांच्यावर मिलिशिया (नागरिकांची फौज) बोलावायला नकार दिला आणि काँग्रेस रागावून प्रिन्स्टनला निघून गेली. राज्यांमधल्या व्यापाराचे प्रश्न सोडवायला भरलेल्या १७८६ च्या ॲनापोलिस परिषदेचा अध्यक्षही तोच. अमेरिकेची घटना लिहिणाऱ्या १७८७ च्या घटनापरिषदेत त्याने आग्रह धरला की सिनेटचे सदस्य राज्यांच्या विधिमंडळांनी निवडावेत, आणि लहान राज्यांना गिळू पाहणाऱ्या योजनेबद्दल व्हर्जिनियाच्या जेम्स मॅडिसनला सावध केलं. अनुभव हाच आपला एकमेव मार्गदर्शक असावा, तर्क आपल्याला चुकवू शकतो, हे त्याचं तिथलं वाक्य १७६४ च्या भाषणातही शोभलं असतं. आजारपणामुळे तो आधी निघाला, आणि त्याच्या वतीने जॉर्ज रीडने घटनेवर सही केली.

भूमिका कोणती घ्यायची, हे तुम्ही प्रतिनिधी कुणाला मानता यावर अवलंबून आहे. मालमत्ताधारकांनी निवडलेली असेंब्ली हाच जनतेचा अधिकृत आवाज मानला, तर जून १७७६ पर्यंत डिकिन्सनचं वागणं निर्दोष ठरतं. मतदान नाकारलेले कारागीर आणि सैनिक हीही जनता मानली, तर ॲडम्स आणि रस्त्यावरची फिलाडेल्फिया बरोबर ठरतात, आणि डिकिन्सन त्यांचा आवाज ऐकायला कमी पडला असं म्हणावं लागतं. मी स्वतः दुसऱ्या बाजूला झुकतो. संघ आधी आणि घोषणा नंतर हा त्याचा क्रम युद्धाच्या धगीत टिकला नसता. फ्रान्सशी करार १७७८ मध्ये झाला, आणि एका स्वतंत्र राष्ट्राशी बोलतो आहोत हे गृहीत धरूनच फ्रान्सने तो केला. पण संघाच्या कराराला शेवटच्या राज्याची मान्यता १७८१ मध्ये मिळाली आणि सीमांचे तंटे त्यानंतरही चालले, म्हणजे त्याची भीती खोटी नव्हती. दोन्ही वाक्यं निबंधात एकत्र आली तर मार्गदर्शकांची अडचण राहू नये.

राहिला गुलामांचा प्रश्न. तो जरूर आणा, आणि शेवटच्या परिच्छेदात ढकलू नका. तुमच्या विषयाच्या तो थेट आत आहे. ज्या संपत्तीमुळे त्याला लंडनला शिकता आलं, ती गुलामांच्या श्रमातून आलेली होती. १७७७ मध्ये त्याने आपल्या ताब्यातल्या माणसांना मुक्त केलं, पण ठरावीक वर्षं सेवा करण्याच्या अटीवर. १७८६ मध्ये अट काढून टाकली. त्याच्या पिढीतल्या बड्या जमीनदारांमध्ये हे फार कमी जणांनी केलं. ऑगस्ट १७८७ मध्ये गुलामांच्या आयातीला घटनेने मुभा द्यावी या कल्पनेला, प्रतिष्ठा आणि सुरक्षितता यांच्या कोणत्याही तत्त्वावर ती मान्य होऊ शकत नाही, असा त्याने विरोध केला. तरी १८०८ पर्यंत आयातीवर बंदी घालता येणार नाही, ही तडजोड असलेल्या घटनेचं त्याने ‘फेबियस’ या नावाने पत्रं लिहून समर्थन केलं. आधी अट, मग पूर्ण मुक्तता, हा त्याचा नेहमीचाच क्रम. राजाविरुद्धच्या वादात या क्रमामुळे त्याची फक्त लोकप्रियता गेली. केंट काउंटीतल्या त्या माणसांची यात नऊ वर्षं गेली. १७७६ च्या प्रकरणाला लागूनच हा भाग लिहिला, तर डिकिन्सनच्या सावधपणाची किंमत कुणी मोजली हे तुमच्या वाचकाला दिसेल.